लिंक पाठवली म्हणजे शिकवलं होत नाही

पोस्ट लांब आहे. रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा. पण ज्यांच्या घरात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला लेकरू आहे, त्यांनी वाचाच.

मागच्या सत्राच्या शेवटी माझी भाची एका मुक्कामासाठी आमच्याकडे आली होती. राहते जिल्ह्यातल्याच एका खेड्यात, शिकते तालुक्याच्या कॉलेजात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. एका ऑनलाइन कोर्सची परीक्षा होती. केंद्र शहरात, वेळ सकाळी नऊची. गावातून सुटणारी पहिली एसटी इथं पोचेपर्यंत साडेनऊ वाजतात, म्हणून आदल्या संध्याकाळीच निघून आली. बाईमाणूस म्हणून तिकीट अर्धं लागलं, तेवढीच काय ती सवलत. परीक्षेची फी तिच्या आईने बचत गटातून उचलून दिली होती.

जेवताना सहज विचारलं, "कोणता विषय आहे गं?"

"संख्याशास्त्राची ओळख असं काहीतरी आहे, मामा. इंग्रजीत आहे."

"झाला का अभ्यास?"

"असाइनमेंटला शंभरपैकी पंच्याण्णव आहेत."

मी खूश. म्हटलं, अरे वा! तर ती हसायला लागली. "टेलिग्रामवर उत्तरं येतात ना मामा. ए, सी, सी, बी. सगळा वर्ग तेच टाकतो."

व्हिडिओ पाहिले का, विचारलं. पहिल्या आठवड्याचे दोन पाहिले म्हणाली. घरात नेट असलेला फोन एक. त्यावर दिवसाला दीड जीबी. त्यात बापाला मोंढ्याचे भाव पाहायचे, भावाला भरतीचे पेपर सोडवायचे. रात्री दहानंतर फोन हिच्या हातात येतो, तेव्हा टॉवर कधी असतो, कधी नसतो. "आणि ते सर चांगले असतील मामा, पण भरभर बोलतात. समजलं नाही तर मागे नेऊन परत ऐकते. परत ऐकलं तरी समजलं नाही, तर विचारायचं कुणाला?"

"कॉलेजात विचार."

"कॉलेजात त्या विषयाचे सर नाहीत. जागा रिकामी आहे. म्हणून तर हा कोर्स घ्यायला लावला."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ही पोस्ट त्या एका वाक्यावर आहे.

आता आधी थोडी माहिती. घाईत असलेल्या पालकांना ही सरळ भाषेत कुणी सांगत नाही.

आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीने मिळून २००३ मध्ये एनपीटेल सुरू केलं. मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्यानं रेकॉर्ड करून सगळ्यांसाठी खुली केली. चांगलं काम. त्यानंतर ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' नावाचं सरकारी व्यासपीठ आलं आणि त्याच दिवशी 'स्वयंप्रभा'च्या ३२ वाहिन्याही सुरू झाल्या. कोर्सला नाव नोंदवणं फुकट, व्हिडिओ पाहणं फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी. एनपीटेलच्या एका कोर्सला साधारण हजार रुपये, काही प्रवर्गांना निम्मी. हजार रुपये तुम्हाआम्हाला पिझ्झ्याचे वाटतील. कापूस वेचणाऱ्या बाईची ती तीन-चार दिवसांची मजुरी आहे.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. खरी गोम पुढं आहे. या कोर्सचे गुण पदवीत धरायचे, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये केला. तेव्हा मर्यादा होती वीस टक्के. मार्च २०२१ मध्ये ती चाळीस टक्के झाली. म्हणजे एका सत्रातले शंभरातले चाळीस टक्के विषय विद्यार्थ्याने पडद्यावर शिकले तरी चालतील. आपल्या राज्यात २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, क्रेडिटची भाषा आली, आणि हा नियम खेड्यापाड्यातल्या कॉलेजांच्या दारात येऊन उभा राहिला.

आणि २०१६च्या त्या नियमावलीत, असे कोर्स कधी घेऊ द्यावेत याची कारणं दिली होती. त्यातलं पहिलंच कारण काय, माहीत आहे? त्या विषयाला योग्य शिक्षक उपलब्ध नसणं!

परत वाचा. मास्तर नसेल तर कोर्स लावा. मास्तर का नाही, हे कुणी विचारायचं नाही. जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवायची, भरतीच्या फाईलवर धूळ बसू द्यायची, तासिका तत्त्वावर एखाद्या नेट-सेट झालेल्या पोराला तासावर पैसे देऊन राबवायचं. तेही जमलं नाही तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकायची. शिक्षकाचा पगार वाचला, विषय कागदावर 'शिकवला' गेला, निकालही लागला. सगळे खूश. फक्त पोरीला विषय आला नाही, पण तेवढ्याने कुणाचं अडतंय?

त्या रात्री मी स्वतः तिला शिकवायला बसलो होतो. माझं शिक्षण पत्रकारितेची पदविका. आकडे छापणं मला जमतं, त्यांचा अर्थ लावताना दमछाक होते. 'स्टँडर्ड डेव्हिएशन'वर आम्ही दोघंही अडकलो. शेवटी शेजारच्या निवृत्त गणिताच्या सरांना हाक मारली. सर लुंगीवरच आले. आमच्याच पेपरची मागची बाजू घेतली आणि म्हणाले,

"बेटा, दोन गावं धर. दोन्हीकडं पावसाळ्यात सातशे मिलिमीटर पाऊस झाला. एका गावात तो चार महिने थोडा थोडा पडला. दुसऱ्या गावात सगळा दोन-तीन दिवसांत कोसळला आणि बाकीचे दिवस कोरडे गेले. दोघांचीही दिवसाची सरासरी काढ. सारखीच येईल. पण एका गावात सोयाबीन उभं आहे आणि दुसऱ्यात वाहून गेलं. मग सरासरीनं काय सांगितलं? काहीच नाही. रोजचा पाऊस त्या सरासरीपासून किती लांब लांब पडला, ते मोजायचं. त्याला मराठीत प्रमाण विचलन म्हणतात. तेच तुझं स्टँडर्ड डेव्हिएशन."

भाचीनं विचारलं, "मग सर, काही दिवस सरासरीच्या वर, काही खाली. बेरीज केली तर शून्यच होईल ना?"

सरांचा चेहरा असा खुलला, की बस. "म्हणून तर वर्ग करायचा! उणे निघून जातं!"

दहा-बारा मिनिटं लागली. मराठवाड्याच्या लेकराला पावसाचं उदाहरण दिलं, ते आत गेलं. तिनं प्रश्न विचारला आणि समोरच्यानं तो ऐकला. एवढंच झालं. यालाच शिकवणं म्हणतात, आणि आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये तिला नेमकं हेच मिळालं नव्हतं.

ती पास झाली. निकालाचा फोन आला तेव्हा म्हणाली, "मामा, पास झाले. पण पाऊस सोडून काही विचारू नका."

आता मित्रमंडळी म्हणतील, तू काळाच्या विरुद्ध बोलतोस. जगात सगळीकडे हेच चाललंय. बरं, मग जगाचंच बघू.

अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केलं की आमच्या कोर्सचं साहित्य सगळ्या जगाला फुकट देणार. दिलंही. पण त्यासाठी मोठ्या धर्मादाय संस्थांनी पैसा ओतला होता आणि एमआयटीने त्यापायी आपला एकही वर्ग बंद केला नाही. कॅम्पसमधल्या पोरांना प्राध्यापक समोर, आणि जगाला त्यांच्या नोट्स. २०१२ मध्ये कोर्सेरा, एडएक्स आले. तेव्हा गाजावाजा असा, की आता विद्यापीठं ओस पडणार. पुढं काय झालं? बघता बघता प्रमाणपत्राला पैसे लागायला लागले. कोर्सेरा शेअर बाजारात गेली. हार्वर्ड आणि एमआयटीचं एडएक्स २०२१ मध्ये टूयू नावाच्या कंपनीला ८० कोटी डॉलरला विकलं गेलं आणि २०२४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात उभी होती. याच हार्वर्ड-एमआयटीच्या कोर्सचा हिशोब 'सायन्स' नियतकालिकात २०१९ मध्ये छापून आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्या शंभरातल्या जेमतेम तिघांनी कोर्स पूर्ण केला. आणि शिकणारे बहुतेक आधीच सधन असलेल्या देशांतले.

मला यात नवल वाटलं नाही, कारण त्या न पूर्ण करणाऱ्यांत मीही आहे. लॉकडाऊनमध्ये मी अकरा कोर्सना नाव नोंदवलं. पूर्ण केला एक. तोही बायकोनं रोज टोमणा मारला म्हणून.

आपल्याकडे भाषणात काय सांगतात? इतक्या कोटी नोंदण्या झाल्या. नोंदणी म्हणजे शिक्षण असेल तर माझ्या नावावर अकरा पदव्या पाहिजेत. कोटींचा आकडा म्हणजे सरांनी सांगितलेली ती सरासरी. शहरातल्या, इंग्रजी माध्यमातल्या, घरात वायफाय असलेल्या पोरावर पाऊस पडतोय. आमच्या खेड्यातली पोरगी कोरडी आहे. सरासरी मात्र झकास.

आणि भाषेचं काय? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पहिल्या पानावर आठ कॉलम मथळे दिले, शहरात पेढे वाटले. त्या अभिजात भाषेत पदवीच्या संख्याशास्त्राचा, भौतिकशास्त्राचा, अर्थशास्त्राचा चांगला खुला कोर्स शोधून दाखवा. बहुतांश सगळं इंग्रजीत. एनपीटेलने काही व्याख्यानांचा लेखी मजकूर मराठीत आणला आहे, त्याचं स्वागत. तंत्रशिक्षण परिषदेकडं यंत्राने भाषांतर करणारी 'अनुवादिनी' आहे. पण यंत्राचं मराठी वाचून बघा एकदा. ज्याला विषय आधीच येतो, त्यालाच ते कळतं. त्यावर हात फिरवायला विषय जाणणारा मराठी माणूस लागतो, आणि त्याची जागा तर आपण रिकामी ठेवली आहे.

"मराठीत उच्च शिक्षणाची पुस्तकंच नाहीत, काय करणार?" असं म्हणणाऱ्यांना मी आपल्याच गावाची एक गोष्ट सांगतो.

निजामाच्या काळात १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. माध्यम उर्दू. पण नुसता फर्मान काढून ते थांबले नाहीत. त्याच्या आधीच्या वर्षी त्यांनी भाषांतराचं खातं काढलं, दारुल तर्जुमा. पाश्चात्त्य शास्त्रांची पुस्तकं उर्दूत आणायची, एकेका शब्दावर विद्वानांनी बसून परिभाषा घडवायची, हे त्याचं काम. आणि या सगळ्या उद्योगातलं एक मोठं नाव, मौलवी अब्दुल हक, ज्यांना लोक बाबा-ए-उर्दू म्हणतात, ते राहायचे कुठं? आपल्या औरंगाबादला. त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं ठाणं कित्येक वर्षं याच शहरात होतं. 'उर्दू' नावाचं त्यांचं त्रैमासिक १९२१ पासून इथूनच निघायचं. दिल्ली-लखनौ सोडून एका भाषेच्या ज्ञानाचं केंद्र इथं, खाम नदीच्या काठच्या गावात होतं.

आता कुणी लगेच धावून येईल, की निजामाचं कौतुक करतोस काय. नाही. ती उर्दू इथल्या मराठी, तेलुगू, कानडी लेकरांवर लादलेली होती. त्यात आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांचं शिक्षण बुडालं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पण कामाची पद्धत बघा. आधी माणसं बसवली, पुस्तकं केली, शब्द घडवले. आपण १९४८ मध्ये मुक्त झालो, मराठीच्या राज्यात आलो, आणि आपल्या भाषेसाठी तेवढी मेहनत का केली नाही?

केली नाही असंही नाही. सुरू केली आणि सोडून दिली. नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ होतं. सत्तरच्या दशकात त्याने विद्यापीठ पातळीची मराठी पुस्तकं काढली. जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या कपाटात अजून सापडतील, पानं पिवळी, वाळवी लागलेली. भाषा संचालनालयाने एकेका शास्त्राचे परिभाषा कोश केले, ते आता नेटवर आहेत. वाईचा मराठी विश्वकोश नेटवर आहे, फुकट. बालभारतीची शाळेची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, फुकट. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं, त्याने शिक्षक समोर नसताना वाचून समजेल अशी मराठी पुस्तकं घडवली. म्हणजे पाया आहे, विटा आहेत. बारावीपर्यंत मराठीतलं पुस्तक फोनवर फुकट, आणि पदवीला गेलं की दोनशे-अडीचशेचं गाईड नाहीतर इंग्रजी लिंक. हे काय गणित आहे?

आता थोडं कडू बोलतो. माझे अनेक मित्र प्राध्यापक आहेत, त्यांनी रागवावं.

गुरुजी, तुमचा पगार सातव्या वेतन आयोगाने येतो आणि तो जनतेच्या पैशातून येतो. मग तुमच्या नोट्स गाईडवाल्याच्या दुकानात का? एका सरांना मी म्हणालो, तुमची व्याख्यानं इतकी छान असतात, रेकॉर्ड करून सगळ्यांसाठी टाका की. म्हणाले, "मग वर्गात कोण येईल?" सर, रेकॉर्डिंग ऐकून ज्याची गरज भागते, तो आताही वर्गात येत नाही. तो हजेरीला येतो. जो प्रश्न घेऊन येतो, त्याला तुम्ही लागणारच आहात. आमच्या शेजारच्या सरांच्या पावसाच्या गोष्टीचा व्हिडिओ असता, तर तो सोयगावपासून उमरग्यापर्यंतच्या पोरांनी पाहिला असता. पण त्यानंतरचा "बेरीज शून्यच होईल ना?" हा प्रश्न मात्र समोर माणूस असल्याशिवाय निघत नाही.

आणि हो, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना यात धरू नका. ज्याला सुट्टीचे पैसे मिळत नाहीत, मानधन कधी येईल याचा भरवसा नाही, त्याला "समाजासाठी फुकट व्हिडिओ कर" म्हणणं हा दरोडा आहे. विद्यार्थ्याला फुकट मिळालं पाहिजे. बनवणाऱ्याला दाम मिळाला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, सरकार नावाची संस्था त्यासाठीच असते. याच सरकारने 'एक देश, एक सबस्क्रिप्शन' म्हणून परदेशी-देशी संशोधन नियतकालिकांसाठी तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये मंजूर केले. नोव्हेंबर २०२४चा निर्णय आहे. संशोधकांना ते हवंच. पण मोठ्या प्रकाशकांची बिलं भरायला पैसा आहे आणि मराठीत एक पाठ्यपुस्तक खुलं करायला नाही, हे मला कुणी पटवून देऊ नये.

खुलं म्हणजे काय, तेही सांगतो. फुकट आणि खुलं यात फरक आहे. फुकट म्हणजे आज पाहायला मिळतंय, उद्या मालकाने दार लावलं की संपलं. एडएक्सचा दाखला वर दिलाच आहे. खुलं म्हणजे कॉपी करा, उतरवून घ्या, मराठीत आणा, आपली उदाहरणं घाला, छापा, वाटा, आणि त्यासाठी कुणाची परवानगी नको. आम्ही शिकायचो तेव्हा हे काम औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांनी केलं. सीनियरच्या वहीची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, तिच्या समासात कुणीतरी घातलेली भर. माझी पदविका त्या वह्यांवर झाली. कायदेशीर होतं का, मला विचारू नका. पण मराठवाड्यातल्या दोन पिढ्या त्याच झेरॉक्सवर पदवीधर झाल्या. तीच गोष्ट आता राजरोस, चांगल्या दर्जाची आणि सरकारी खर्चाने करता येते.

मला ऑनलाइनचा विरोध नाही, हे कळावं म्हणून सांगतो. वाळूजला रात्रपाळी करून पदवी पूर्ण करणारा पोरगा मी पाहिला आहे. लग्नानंतर शिक्षण तुटलेली, लेकरू झोपल्यावर कानात हेडफोन घालून ऐकणारी सून पाहिली आहे. त्यांना वर्ग परवडत नाही, त्यांच्यासाठी हे वरदान आहे. माझी भांडणं एवढीच, की ज्या पोरीने वर्गात बसण्याची फी भरली आहे, तिचा वर्ग काढून घेऊन तिच्या हातात हे वरदान देऊ नका.

या शहराला हे वेगळं सांगायची गरज नसावी. १९५० मध्ये बाबासाहेबांनी इथं कॉलेज काढलं, ते आजचं मिलिंद. तोवर इथल्या पोराला पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागायची. बाबासाहेबांइतका पुस्तकावर जीव असलेला माणूस या देशात दुसरा दाखवा. पण त्यांनी मराठवाड्यात पुस्तकांच्या पेट्या पाठवून दिल्या नाहीत. नागसेनवन उभं केलं. वर्ग, ग्रंथालय, वसतिगृह, आणि म. भि. चिटणीसांसारखी शिकवणारी माणसं. त्या आवारात पोरं आली, एकमेकांशी बोलली, भांडली, लिहायला लागली. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' याच शहरातून निघालं. नुसत्या पुस्तकाच्या पार्सलमधून ते झालं नसतं, आणि लिंकमधून तर नाहीच नाही. आज ज्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव आहे, ज्या नावासाठी सोळा वर्षं माणसं लढली आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, त्या विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत रिकाम्या खुर्चीवर मोबाईल ठेवून शिक्षण होणार असेल, तर आपण दरवर्षी गेटवर कशासाठी जमतो?

म्हणून मागण्या. कुलगुरू कार्यालयाने आणि उच्च शिक्षण खात्याने वाचाव्यात.

एक. ज्या विषयाची मंजूर जागा रिकामी आहे, त्या विषयाचा ऑनलाइन कोर्स पदवीत धरायचा नाही. आधी जागा भरा. कोर्स हा जास्तीचा विषय शिकायला असावा, मास्तराच्या बदल्यात नको.

दोन. २०१६च्या त्याच नियमावलीत असंही होतं, की ऑनलाइन कोर्स घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायला कॉलेजने एक समन्वयक नेमायचा. सवलत तेवढी लक्षात ठेवली, जबाबदारी विसरली. प्रत्येक कोर्ससाठी आठवड्यातून किमान एक तास, समोर बसून, मराठीत. आणि त्याचं मानधन वेळेवर.

तीन. कॉलेजने कोर्स घ्यायला लावला असेल तर परीक्षेची फी कॉलेजने भरावी.

चार. जनतेच्या पैशाने तयार झालेलं सगळं शैक्षणिक साहित्य खुल्या परवान्याने, मराठीत, आणि कमी डेटात उतरवून घेता येईल असं द्यावं. व्हिडिओसोबत नुसता आवाज आणि पीडीएफ. सुरुवात ग्रंथनिर्मिती मंडळाच्या त्या जुन्या पुस्तकांपासून करा. स्कॅन करा, आजच्या शिक्षकांकडून दुरुस्त करून घ्या.

पाच. विद्यापीठाने दरवर्षी पदवीचे दहा विषय निवडावेत आणि त्यांची मराठी पुस्तकं पगारी शिक्षकांकडून लिहून खुली करावीत. दहा वर्षांत शंभर होतील. उस्मानियाने हे शंभर वर्षांपूर्वी केलं होतं, तेव्हा वीजही धड नव्हती.

पालकांना एकच काम सांगतो. उद्या कॉलेजात जा आणि दोन प्रश्न विचारा. माझ्या लेकराच्या कोणत्या विषयाला शिक्षक नाहीत? आणि ऑनलाइन कोर्सचा समन्वयक कोण? उत्तर लेखी मागा. अर्जाची पोच घ्या. पोच दिली नाही तर मला सांगा, बातमी मी करतो. कॉलेजचं नाव छापायला लागणारी कागदपत्रं तेवढी आणा, ऐकीव नको.

भाचीचं पुढचं सत्र सुरू झालंय. परवा फोन आला होता. नवा कोर्स लागलाय, विषय वेगळा, जागा याही विषयाची रिकामीच. म्हणाली, "मामा, शेजारचे सर हा विषय शिकवतील का हो?"

सरांना विचारलं. ते म्हणाले, "माझा विषय नाही, पण पोरीला पाठव. दोघं मिळून वाचू."

पंच्याहत्तरीचा माणूस पेन्शनवर हे करायला तयार आहे. ज्यांचं हे काम आहे, ते कधी तयार होणार?